ठिपक्यांची पाकळी

शोभा, गेल्या बुधवारी मी पहिली आले.

फोनमधल्या आपल्या प्रश्नमंजुषेत, अख्ख्या खोलीत पहिली. तो वाघ्या, ती स्वीटी, आणि बऱ्याचदा आपल्याला मागे टाकणारा तो चष्मेवाला उंदीर, कोण कुठले ते लोक, सगळे माझ्या खाली. पडद्यावर माझा जिराफ मुकुट घालून नाचला. हा मुकुट मला किती हवा होता ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी फोन पालथा ठेवला आणि चहा टाकायला उठले. कुंदा वडाळ्याहून ग्रुप कॉलवर होती. सगळा डाव आम्ही दोघी तोंड मिटून खेळलो होतो, अगदी मी इतकी वर्षं म्हणत आले होते तसा. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही तुझ्यामुळे.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं तेव्हा हॉल भरला होता. एकेक जण उठून तुझ्या नोकरीबद्दल बोलला, महिला मंडळाबद्दल बोलला, तुझ्या स्वभावाबद्दल बोलला. सगळं खरं होतं. तुझ्या रश्मीने मला खूण केली, "मावशी, तुम्ही बोला ना." ती इतकी गोड सांगते की नाही म्हणवत नाही, तरी मी मान हलवली. मला तुझी स्तुती करायची नव्हती, मला तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. गुलमोहराच्या फुलाला पाकळ्या किती, चार की पाच? बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. मला कित्येक दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये रश्मीने आपल्या तिघींच्या फोनवर हा खेळ घातला, तेव्हा तिला वाटलं असेल, दोन दिवसांचं कौतुक आहे. आपण तिघी एकाच चाळीत वाढलेल्या. मी लग्नानंतर शीवला आले, कुंदा वडाळ्याला गेली, तू मात्र परळला त्याच चाळीत, त्याच मजल्यावर. एरवी बसने जाता येता होणारं अंतर, ते तेव्हा सातासमुद्रापार गेलं होतं. मग ठरलं, बुधवारी दुपारी, भांडी आवरून जरा डोळा लागून गेला की खेळायचं. एकीने खोली उघडायची, बाकीच्यांनी आत यायचं, उरलेल्या जागांवर खेळ कुठकुठली माणसं आणून बसवायचा. प्रश्न यायचा, खाली चार पर्याय, आणि घड्याळ टिकटिकायला लागायचं. बरोबर उत्तराला गुण, आणि जो आधी दाबेल त्याला जास्त. प्रत्येकाला एक प्राणी निवडावा लागतो. तू घुबड घेतलंस. मी म्हटलं, "अगं, अपशकुनी." तू म्हणालीस, "त्याला अंधारात दिसतं. तुला उजेडात दिसत नाही." मी जिराफ झाले. कुंदाला बांगडा हवा होता, तो त्यांच्याकडे नव्हता, म्हणून तिने कासव घेतलं.

आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रश्नाला, फोनमधून तुझा आवाज आला, "ब गं. ब दाबा."

"अगं, मनातल्या मनात ठेव की," मी म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? खेळ आहे. ज्याचं त्याने ओळखायचं."

"मला येतंय आणि तुम्हाला येत नाही, तर मी काय तोंड शिवून बसू?"

"शोभा, ह्याला कॉपी म्हणतात."

"तुझ्या शाळेत म्हणत असतील, बाई. माझ्या घरात ह्याला सांगणं म्हणतात."

तेवढ्यात कुंदा, "सांगू दे गो तिका. माका वाचूक येळ लागता."

तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता हेच खरं. आणि त्यातली गंमत बघ. तू आधी उत्तर मोठ्याने सांगायचीस, मग ते तेच का आहे ते सांगायचीस, मग चष्मा सावरून बटण शोधायचीस. तोवर कुंदाचं बोट पडलेलं असायचं. म्हणजे जिला सगळ्यांत जास्त येत होतं ती तिघींत शेवटची, जिला सगळ्यांत कमी येत होतं ती पहिली, आणि मी मध्ये लोंबकळत. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, आयत्या मुकुटावर कासव तुझ्यामुळे बघितलं. मला राग हरण्याचा नव्हता. मला कधी कळायचंच नाही की मला स्वतःला किती येतं. मी प्रश्न वाचत असायचे, उत्तर जिभेच्या टोकावर यायला लागायचं, तेवढ्यात तुझं "क दाबा". आता ते मला आलं असतं की नसतं, हे कोण सांगणार?

मी जन्मभर दादरच्या शाळेत वर्गातून येरझाऱ्या घालत "बोलू नका, आपापल्या पेपरात बघा" म्हणत आले. तू टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून, कुणी नाव सांगितलं की नंबर सांगत आलीस. एकीची नोकरी गप्प करण्याची, दुसरीची सांगण्याची. पण ते काही खरं कारण नव्हे. नोकरी लागायच्या आधीही तू अशीच होतीस. खरं कारण मास्तर.

मास्तर म्हणजे तुझे बाबा. गिरणीत साच्यावर कापड विणायचे, पण सगळी चाळ त्यांना मास्तरच म्हणायची. पहिली पाळी करून आले की संध्याकाळी तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत पोरांना घेऊन बसायचे. तुमच्या बाजूची पोरं, आमच्या कोकणातल्यांच्या बाजूची पोरं, जो येईल तो. माझ्या आईला सुरुवातीला आम्ही तिकडे जाऊन बसणं रुचलं नव्हतं, का, ते तुला माहीत आहे. पण आमच्या घरात माणसंच इतकी की पाटी टेकायला जागा नव्हती. आधी तिने डोळेझाक केली, पुढे पुढे दिवाळीत लाडू पाठवायला लागली. त्या खोलीचा नियम एकच होता. तुला गणित सुटलं? छान. आता शेजारणीला सांग. शेजारणीला आल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

माझी शेजारीण कुंदा. तिला अपूर्णांक दिसला की जांभई यायची. बाहेर मुली लंगडी खेळतायत आणि मी आतमध्ये भाकरीचे तुकडे करकरून हिला पाव आणि पाऊण समजावतेय. मास्तरांचा तेव्हा इतका राग यायचा. तुला मात्र तो नियम जाच वाटलाच नाही. स्वतःची शेजारीण आटोपली की तू उठून दुसऱ्या रांगेत जाऊन सांगत बसायचीस.

"ते शिक्षण होतं, हा खेळ आहे," मी तुला कितीदा म्हटलं असेल.

"फरक काय?" तू विचारायचीस. आणि खरंच विचारायचीस, चिडवायला नव्हे. मग मी दुसरीकडून यायचे. "एकदा, फक्त एकदा, गप्प राहून खेळ. मला बघायचंय तुला जास्त येतं की मला."

"कळून काय करणारेस?"

"काही नाही. कुतूहल."

"बरं. खेळेन कधीतरी. पण मजा येणार नाही, आधीच सांगून ठेवते."

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तो प्रश्न आला. गुलमोहराच्या फुलाला एकूण किती पाकळ्या असतात? तीन, चार, पाच, सहा. त्या दिवशी एक नवल घडलं. तू तोंड उघडायच्या आत मी चार दाबलं होतं. कुंदानेही. तू म्हणत होतीस, "चार. हे काय विचारणं झालं," आणि तुझंही बोट चारवरच पडलं. तिघींचे प्राणी चारच्या पुढे ओळीने उभे राहिले. आणि खेळ म्हणाला, चूक. पाच.

मग तू म्हणालीस, "डोकं फिरलंय त्यांचं," आणि 'या प्रश्नात चूक आहे' असं कळवायचं बटण दाबलंस. मी मात्र लगेच फोनवर फोटो शोधून बघितला. पाचच. चार लाल, आणि पाचवी जरा मोठी, पांढरट पिवळी, तिच्यावर लाल ठिपके.

"शोभा, आहे गं पाचवी. ठिपक्यांची."

"ती पाकळी नव्हे."

"मग काय आहे?"

"ती खायची असते."

"खायची असली म्हणून पाकळी नाही? मग पालेभाजीला पानं नसतात म्हण."

"फोटोतलं मला सांगू नकोस, निमा. हाताच्या काकणाला आरसा कशाला? झाडाखाली जाऊ, फूल हातात घेऊ, मोजू."

"आता कुठली फुलं? पुढच्या मे महिन्यात."

"मग पुढच्या मे महिन्यात. तोवर चार."

त्यानंतर तू फोन ठेवताना "अच्छा" म्हणणं सोडलंस. "चार गं" म्हणायचीस. मी "पाच" म्हणायचे, मग फोन ठेवायचो. कुंदाने दोघींना वेड लागलंय असं जाहीर केलं होतं.

थंडीत तुला दम लागायला लागला. मग रुग्णालय, मग घर, मग पुन्हा रुग्णालय. तरी बुधवार चुकला नाही. नाकाला नळी लावलेली असायची, आणि तू थांबत थांबत का होईना, "अ... दाबा" म्हणायचीस. मी म्हणायचे, जास्त बोलू नकोस. तू म्हणायचीस, तुला तेच हवंय.

आणि मग तो शेवटचा बुधवार. पहिला प्रश्न आला, मी सवयीने थांबले. तुझा आवाज नाही. घड्याळ संपत आलं तशी मी घाईने काहीतरी दाबलं. दुसरा प्रश्न, तेच. कुंदा घाबरली. "शोभा, आसस मा गो?" रश्मी पलीकडून म्हणाली, "आई आहे मावशी, खेळतेय." मी पडद्यावर बघितलं. तुझं घुबड वर चढत होतं. स्वीटीच्या वर गेलं, वाघ्याच्या वर गेलं, मग उंदराच्याही. मी जीव तोडून खेळले, शोभा, खरंच सांगते. मी दुसरी आले. कुंदा बिचारी तळाला. तुझ्या घुबडाने मुकुट घातला, आणि थोड्या वेळाने तुझा मेसेज आला, "झालं समाधान, बाई?" त्याच्या खाली दुसरा, "गुलमोहर राहिला."

मला वाटलं, बिचारीला दमच उरला नाही, म्हणून गप्प होती. तेच मनात धरून बसले होते. पुण्यानुमोदन झाल्यावर चपला घालता घालता रश्मीकडे तो विषय काढला. ती म्हणाली, "नाही मावशी, त्या दिवशी आई छान होती. सकाळभर शेजारच्या खाटेवरच्या आजींना शब्दकोडं सोडवून देत होती. सगळ्या वॉर्डाला ऐकू जात होतं."

म्हणजे तुला बोलता येत होतं. उत्तरं तोंडाशी आली असणार, सगळीच्या सगळी, आणि तू ती गिळलीस, कारण मला एकदा बघायचं होतं. मी चपला तशाच ठेवून परत आत जाऊन बसले. तुला जास्त येतं, शोभा. बऱ्याच फरकाने. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि आभारही मानायला हवे होते. मी तुझ्या मेसेजला फक्त एक अंगठा पाठवला होता.

मग राहिला गुलमोहर. पाकळ्या पाच आहेत हे मला माहीत होतं, फोटो काही खोटं बोलत नाही. माझं कोडं वेगळंच होतं. ज्याने गुलमोहर बघितला नाही त्याने चार म्हणावं. आपण? चाळीतल्या नळाजवळच्या त्या झाडाखाली आपलं अर्धं बालपण गेलं. कळ्या सोलून बाहेरच्या हिरव्या सालींची नखं लावली, आतल्या केसरांची डोकी अडकवून कोंबड्यांच्या झुंजी लावल्या. हजार फुलं चुरगाळली असतील. मग तिघींना चार कसं वाटलं? आणि त्या दिवशी तर कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं. एवढी वर्षं पेपर तपासून मला एक गोष्ट पक्की कळलीय. एकाचं चुकलं तर त्याने अभ्यास केलेला नसतो. एका बाकावरच्या तिघांचं अगदी तेच चुकलं, तर उत्तर कुठून तरी एकाच ठिकाणाहून आलेलं असतं. ते ठिकाण कुठलं, हे मला कळेना.

परवा कुंदाला घेऊन परळला गेले. आपली चाळ आता पुनर्विकासासाठी पत्र्यांच्या आड गेलीय, तू गेल्या वर्षी संक्रमण शिबिरात गेलीस तेव्हाच रिकामी व्हायला लागली होती. पण झाड आहे. पत्र्यांच्या वरून फांद्या बाहेर आल्यात, आणि फुटपाथवर फुलं पडलीयत. कुंदाचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मीच दोन चांगली ताजी उचलली, एक तिला दिलं. चष्मा लावला आणि वर्गात मोजतात तशा मोठ्याने मोजल्या.

"पाच," मी म्हणाले, जरा वर बघून. कुणी "चार" म्हणालं नाही. इतक्या उघड गोष्टीत जिंकून माणसाला इतकं एकटं वाटावं, हे मला माहीत नव्हतं.

कुंदा आपली नव्या डॉक्टरबद्दल सांगत होती, तो गुडघ्याला काय म्हणाला, गोळ्या कशा कडू आहेत. तिचं फुलाकडे लक्षही नव्हतं. आणि बोलता बोलता तिच्या बोटांनी ठिपक्यांची पाकळी खुडली आणि माझ्यापुढे धरली.

"हे काय?"

"काय म्हंजे? तुझी पाकळी. घे गो."

मी घेतली आणि तोंडात टाकली. तीच आंबट, किंचित तुरट चव. आणि शोभा, माझ्या हाताने मला न विचारता माझ्या फुलाची ठिपक्यांची पाकळी खुडून कुंदाला दिली. तिने खाल्ली आणि गोळ्यांबद्दल पुढे सांगायला लागली. मी हातातल्या फुलाकडे बघितलं. त्याला चार पाकळ्या होत्या.

मग सगळं आठवलं. फूल मिळालं की ठिपक्यांची पाकळी शेजारणीला द्यायची, आपली आपण खायची नाही. हा नियम तू काढला होतास, नळावर रांगेत उभं असताना, आपण शाळेतही जायला लागलो नसू. मास्तरांचीच मुलगी. आपण सगळं बालपण एकमेकींच्या पाकळ्या खाल्ल्या. आपल्या फुलात राहायच्या त्या चार. पाचवी आपली नव्हतीच कधी, ती शेजारणीची, मग ती मोजायची कशाला? एवढी हजार फुलं हातांतून गेली आणि तिघींपैकी एकीनेही पाच मोजल्या नाहीत, कारण मोजायच्या आधी आपण देऊन टाकत होतो.

मी तिथे फुटपाथवर हसायला लागले. कुंदा म्हणाली, "काय झाला गो? लोक बघतत." मी म्हटलं, "कुंदा, मोज." तिने मोजल्या. "चार. मग? मी काय येगळा सांगलंय?"

पाकळ्या पाचच आहेत, शोभा. मी बाई आहे, चुकलेल्या उत्तराला गुण देणार नाही. पण रीत बरोबर असली तर रीतीचे गुण द्यावे लागतात, तो नियम मीही पाळत आले. ते तुला दिले.

आज बुधवार. दुपारी कुंदाने खोली उघडली. मी जिराफ, ती कासव, वाघ्या होता, उंदीर होता. प्रश्न आला, सोपा होता, मला वाचताक्षणी उत्तर आलं. अंगठा पडद्यावर धरलेला होता, नुसता टेकवायचा बाकी. पलीकडे कुंदा पुटपुटत एकेक शब्द वाचत होती, आणि घड्याळ चाललं होतं.

"क," मी म्हणाले. "कुंदा, क दाब."

पलीकडे पुटपुटणं थांबलं. मग ती म्हणाली, "दाबलंय. पण क कशाक ता सांग."

मी सांगितलं. सांगून होईस्तोवर माझी वेळ संपली होती. पुढच्या प्रश्नालाही तसंच, त्याच्या पुढच्यालाही. एकदा चुकीचंही सांगितलं, दोघी मिळून चुकलो. शेवटी कासवाने मुकुट घातला, आणि मी खाली, घुबड असायचं त्या जागी होते. तू म्हणाली होतीस तसंच आहे गं, मजा इथूनच यायची.

फोन ठेवताना कुंदा म्हणाली, "चार गो." मी "पाच" म्हणाले, आणि मग आम्ही ठेवला.